क्लोजरला प्रेशर झेपतं का?

इअरफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. आज क्रिकेट नाही, बेसबॉल आहे. थांबा, स्किप करू नका! नियम येत नसले तरी चालेल, लागतील तेवढे मी वाटेत सांगत जाईन. विषय तसा तुमच्या ओळखीचाच आहे. मॅच अटीतटीची असताना बॉल कुणाच्या हातात द्यायचा, आणि त्यानं मार खाल्ला की आपण त्याला काय काय म्हणायचं.

तर, १७ ऑक्टोबर २००५. अमेरिकेतलं ह्युस्टन शहर. स्टेडियम खचाखच भरलंय. ह्युस्टन ॲस्ट्रोज ही टीम १९६२ पासून खेळतेय आणि वर्ल्ड सिरीजला, म्हणजे तिथल्या फायनलला, एकदाही पोचलेली नाही. आज पोचणार. समोर सेंट लुईस कार्डिनल्स. स्कोअर ४-२. नववी इनिंग, म्हणजे शेवटची. तीन आउट हवेत, त्यातले दोन झालेत. लोक उभे राहून ओरडतायत.

बॉल ब्रॅड लिजच्या हातात आहे. त्या सीझनमध्ये त्यानं ४२ सामने असे बंद केलेत. पहिल्या दोन बॅटरना त्यानं स्ट्राइकआउट केलंय. तिसरा डेव्हिड एक्स्टाइन, त्यानं एक सिंगल काढली. ठीक आहे, होतं. चौथा जिम एडमंड्स, त्याला वॉक मिळाला, म्हणजे वाइडसारखे चार बॉल पडले आणि तो फुकटात बेसवर गेला. आता दोन रनर बेसवर, आणि बॅट घेऊन येतोय आल्बर्ट पूहोल्स. त्या काळातला सगळ्यात खतरनाक बॅटर.

लिजचं हत्यार म्हणजे स्लायडर. सरळ येतोय असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी खाली आणि बाजूला घसरतो. पहिला स्लायडर, पूहोल्स पूर्ण चुकला. दुसरा पण स्लायडर, पण हा घसरलाच नाही. मधोमध, आरामात आला. त्यानंतर बॉल कुठे गेला ते यूट्यूबवर बघाच. ह्युस्टनच्या त्या स्टेडियममध्ये डाव्या बाजूला भिंतीच्या वर, उंचावर, खरीखुरी रेल्वेलाइन आहे आणि तिच्यावर एक इंजिन ठेवलंय. बॉल तिथे. तीन रन. ५-४. मैदानात इतकी शांतता, की कार्डिनल्सच्या खेळाडूंचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

त्या रात्रीपासून लिजच्या नावामागे एक शेपूट लागलं. ह्याला प्रेशर झेपत नाही.

ते शेपूट खरं होतं का, हा आजचा प्रश्न. माझं मत मी आत्ताच सांगून टाकतो, सस्पेन्स ठेवत नाही. मला वाटतं ‘प्रेशर झेपतं का’ हा प्रश्न आपण जवळजवळ नेहमी चुकीच्या पुराव्यावर सोडवतो. एक रात्र बघतो आणि माणसाच्या काळजाबद्दल निकाल देतो. बऱ्याचदा भानगड काळजात नसतेच. खांद्यात असते, कोपरात असते, कॅप्टनच्या डोक्यात असते, नाहीतर नुसती नशिबात.

आता थोडा खेळ समजून घेऊ. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला बोलर. टप्पा नाही, बॉल थेट हवेतून. अंतर १८.४४ मीटर, आपल्या खेळपट्टीपेक्षा दीडेक मीटर कमी. दीडशेच्या स्पीडनं आला की बॅटरकडे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आउट. सुरुवातीला स्टार्टर टाकतो, पाच-सहा इनिंग. तो दमला की मदतीला येतात ते रिलीव्ह पिचर. आणि सगळ्यात शेवटी मॅच बंद करायला येतो तो क्लोजर.

तुम्ही म्हणाल, डेथ ओव्हरवाला. हो, पण पूर्ण तसं नाही. बुमराह नवा बॉलही टाकतो आणि शेवटही टाकतो. त्याचा पहिला स्पेल खराब गेला तर दुसऱ्यात भरून काढता येतो. क्लोजर दोन-अडीच तास मैदानाच्या एका कोपऱ्यात बसून असतो. त्या जागेला बुलपेन म्हणतात. तिथे एक फोन असतो. फोन वाजला की उठायचं, खांदा मोकळा करायचा. कधी पूर्ण गरम होऊन बसावं लागतं, कारण तेवढ्यात मॅच फिरली आणि आता तुझी गरज नाही. आणि आलास तर पंधरा-वीस बॉल, बास. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येत नाही. म्हणजे चूक सुधारायला दुसरी ओव्हर नाही.

हे ऐकलं की वाटतं, बापरे, काय प्रेशर! पण इथेच एक गंमत आहे.

क्लोजरच्या नावावर लागतो तो ‘सेव्ह’. जेरोम होल्ट्झमन नावाचा शिकागोचा एक क्रीडापत्रकार होता, ही कल्पना त्याची. १९६९ पासून तो अधिकृत आकडा झाला. सेव्ह मिळवायचे दोन-तीन मार्ग आहेत, पण नेहमीचा मार्ग असा की टीम तीन किंवा त्याहून कमी रननी पुढे असताना या, शेवटची इनिंग टाका, मॅच जिंका. नीट ऐका. तीन रननी पुढे. म्हणजे तुम्ही येऊन दोन रन दिलेत तरी तुमच्या नावावर सेव्ह, दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो. आणि आठ इनिंग संपल्यावर पुढे असलेली टीम साधारण शंभरातल्या पंचाण्णव मॅच जिंकतेच. क्लोजर नावाचा प्रकार रुळायच्या आधीही हे प्रमाण जवळपास एवढंच होतं! मग एवढं म्युझिक, लाइट बंद, धूर, ही सगळी एन्ट्री कशासाठी? थोडा धंदा आहे, थोडी मजा आहे. मला आवडते, खोटं कशाला बोलू.

खरं प्रेशर कधी येतं? समजा सातवी इनिंग आहे, स्कोअर बरोबरीत आहे, तिन्ही बेसवर रनर आहेत आणि एकही आउट नाही. मॅच तिथे ठरते. आणि त्या वेळी बॉल ज्याच्या हातात असतो त्याचं नाव आपल्याला आठवतही नाही, कारण त्याला सेव्ह मिळत नाही. हल्ली बेसबॉलवाले हे मोजतात. कुठल्या क्षणी मॅच किती हलू शकते त्याचा आकडा काढतात, त्याला लेव्हरेज इंडेक्स म्हणतात. साधा क्षण म्हणजे १. त्याच्या वर जेवढं जाल तेवढं पाणी डोक्यावर.

हा आकडा न बघता नुसता सेव्ह बघितला की काय होतं, त्याचा एक किस्सा. २०१६. बॉल्टिमोर ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन. त्या सीझनमध्ये ४७ वेळा मॅच बंद करायला आला आणि ४७ वेळा बंद केली. दर नऊ इनिंगला दिलेल्या रनची सरासरी, म्हणजे ईआरए, ०.५४. ही सरासरी ३ च्या खाली असली तरी लोक उत्तम म्हणतात, हा अर्ध्यावर. ४ ऑक्टोबरला टोरोंटोत बाद फेरीची मॅच, हरलात की घरी. स्कोअर २-२, मॅच अकराव्या इनिंगमध्ये गेली. मॅनेजर बक शोवॉल्टरनं एकामागून एक पिचर आणले, ब्रिटनला नाही. का? तर आपण पुढे गेलो की सेव्हसाठी त्याला ठेवायचा. टीम पुढे गेलीच नाही. उबाल्डो हिमेनेझच्या बॉलवर एडविन एन्कार्नासिओननं तीन रनचा होम रन मारला. सीझन संपला आणि वर्षातला सगळ्यात भरवशाचा माणूस बुलपेनमध्ये उभा राहून बघत होता. त्याला प्रेशर झेपलं असतं का? त्याला विचारलंच नाही कुणी.

आता आकड्यांची एक अडचण. रिलीव्ह पिचर पूर्ण वर्षात टाकतो साठ-सत्तर इनिंग. त्यातल्या खऱ्या आणीबाणीच्या असतील दहा-बारा. ऑक्टोबरमध्ये, प्लेऑफला, अजून पाच-सात. एवढ्याशा आकड्यावर तुम्ही कुणाच्या स्वभावाचं काय सांगणार? नाणं दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा आला तर आपण नाण्याला धाडसी म्हणत नाही. बॅटरच्या बाबतीत हे कुणीतरी तपासलंही होतं. रिचर्ड क्रेमर नावाच्या अभ्यासकानं १९७७ मध्ये बघितलं, की एका वर्षी मोक्याच्या क्षणी जे चमकले तेच पुढच्या वर्षी मोक्याला चमकतात का. असा काही धागा त्याला सापडला नाही. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले, अजून चालू आहेत. बारीकसा फरक माणसामाणसांत असेलही, असं काही जण म्हणतात. पण टीव्हीसमोर बसून आपल्याला दिसतो तेवढा मोठा नक्कीच नाही.

माझं स्वतःचं गणित सोपं आहे. ज्याला प्रेशर अजिबातच झेपत नाही तो शाळेच्या टीममधून, कॉलेजमधून, खालच्या लीगमधून कधीच गळलेला असतो. मेजर लीगच्या माउंडवर नवव्या इनिंगला उभा असलेला माणूस शंभर चाळण्यांतून खाली आलेला असतो. त्यांच्यात उरलेला फरक मोजायला आपला डोळा पुरत नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि मारियानो रिव्हेरा?

बरोबर. रिव्हेरा ही माझ्या बोलण्यातली सगळ्यात मोठी अडचण आहे. पनामातल्या मच्छीमाराचा मुलगा, न्यूयॉर्क यँकीजचा क्लोजर, ६५२ सेव्ह. हॉल ऑफ फेमसाठी मतदान होतं, त्यात शंभर टक्के मतं मिळालेला पहिला माणूस, २०१९ मध्ये. नेहमीच्या सीझनमध्ये त्याची सरासरी २.२१, आणि प्लेऑफमध्ये, जिथे समोर सगळ्या तगड्या टीम असतात, तिथे ०.७०. तेही १४१ इनिंगमध्ये, म्हणजे हा आकडा काही किरकोळ नाही. एवढ्या सगळ्या इनिंगमध्ये त्याच्या खात्यावर लागलेले रन किती? अकरा. चंद्रावर पाऊल ठेवलेली माणसं बारा आहेत. बेसबॉलवाले हे फार आवडीनं सांगतात, आता तुम्हीही सांगा.

आणि हे सगळं प्रामुख्यानं एकाच बॉलवर. कटर. बॅटरला माहीत असायचं की कटरच येणार. यायचा, आणि बॅट तुटायची.

तर रिव्हेराच्या बाबतीत मी म्हणेन, हो, असेल ह्याच्यात काहीतरी वेगळं. हजारात एक असतो. पण आता त्याचीच दुसरी बाजू ऐका. ४ नोव्हेंबर २००१, वर्ल्ड सिरीजची सातवी, शेवटची मॅच, ॲरिझोनात. यँकीज २-१ नं पुढे. रिव्हेरा आठव्या इनिंगलाच आला आणि तिघांना स्ट्राइकआउट करून गेला. प्लेऑफमध्ये सलग २३ सेव्ह त्याच्या मागे. नववी सुरू झाली. मार्क ग्रेसची सिंगल. मग एक बंट, बॉल हळूच समोर टाकलेला, तो उचलून रिव्हेरानं सेकंड बेसला फेकला आणि फेक चुकली. मग टोनी वोमॅकचा डबल, बरोबरी. मग लुईस गोन्झालेझ. कटर, बॅट तुटली, आणि बॉल हलकेच उडून पुढे ओढून उभ्या केलेल्या फील्डरच्या डोक्यावरून मागे पडला. बास. सिरीज गेली.

तो बॉल बघा तुम्ही. रिव्हेरानं चांगला टाकलाय. बॅट फुटलीये! फील्डर नेहमीच्या जागी असता तर सोपा कॅच होता. त्या एका हलक्या उडीवर आपण म्हणायचं का, की जगातल्या सर्वोत्तम क्लोजरला सातवी मॅच झेपली नाही?

तीन वर्षांनी पुन्हा तेच. २००४, बॉस्टन रेड सॉक्स ०-३ नं मागे. चौथ्या मॅचची नववी इनिंग, रिव्हेरा बंद करायला आला. केव्हिन मिलारला वॉक दिला, त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला, त्यानं सेकंड बेस चोरला, बिल म्युलरनं सिंगल मारली, बरोबरी. बॉस्टन ती मॅच जिंकलं, पुढच्या तीनही जिंकलं. ०-३ वरून असं त्याआधी कुणी कधीच केलं नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये यँकीज बॉस्टनला खेळायला गेले तेव्हा खेळाडूंची नावं पुकारताना रिव्हेराचं नाव आलं, आणि रेड सॉक्सच्या पब्लिकनं त्याला टाळ्या, शिट्ट्या, जोरदार. टोमणा होता तो, आभार मानत होते! आणि रिव्हेरा हसला. टोपी काढून त्यानं पब्लिकला दाखवली. ही क्लिप मी कितीही वेळा बघू शकतो.

आता आपल्याकडची गोष्ट. १८ एप्रिल १९८६, शारजा, शेवटचा बॉल, चेतन शर्मा, जावेद मियांदाद, सिक्स. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही नव्हता, पण काका-मामांकडून ऐकलंय ना? आता मला सांगा, ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपूरला काय झालं? वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक. न्यूझीलंडचे तिघे, तिघेही बोल्ड. बोलर चेतन शर्मा. शारजानंतर दीड वर्षात, आपल्या विदर्भात, भर वर्ल्ड कपमध्ये. पण काका-मामा हे सांगत नाहीत.

बेसबॉलमध्ये असाच एक डेनिस एकर्स्ली. १९८८, वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, ओकलंड ४-३ नं पुढे, दोन आउट. डॉजर्सचा कर्क गिब्सन दोन्ही पायांनी अधू, लंगडत आला आणि होम रन मारून गेला. एकर्स्ली नंतर ड्रेसिंग रूममध्ये उभा राहिला आणि पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसला. पळाला नाही. १९९२ मध्ये त्याला लीगच्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कारही मिळाला आणि सर्वोत्तम खेळाडूचाही, एकाच वर्षी.

आता कोपराखांद्याकडे येऊ, कारण मला वाटतं सगळ्यात जास्त फसगत इथे होते. २०१६ ची वर्ल्ड सिरीज. शिकागो कब्ज १९०८ नंतर जिंकलेले नाहीत. मी ती आपल्या पहाटे फोनवर बघितली, घरात सगळे झोपलेले, आवाज बंद. अमेरिकेत रात्र म्हणजे आपल्याकडे पहाट, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेसबॉल बघायचा तर हे दुखणं आहेच. कब्जचा क्लोजर अरोल्डिस चॅपमन. मोजल्या गेलेल्या सगळ्यात वेगवान पिचपैकी एक त्याचा, ताशी १६९ किलोमीटर. पाचव्या मॅचमध्ये मॅनेजर जो मॅडननं त्याला ४२ बॉल टाकायला लावले. क्लोजरसाठी हे म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम. ते मी समजू शकतो, हरले असते तर संपलं होतं. पण सहावी मॅच. कब्ज ७-२ नं पुढे, सातवी इनिंग, आणि पुन्हा चॅपमन! अजून २० बॉल. दुसऱ्याच रात्री सातवी मॅच. ६-३, आठवी इनिंग, दोन आउट. चॅपमन आला. वेग नेहमीपेक्षा खाली. आधी एक डबल, एक रन. मग राजाई डेव्हिस, जो काही होम रनसाठी प्रसिद्ध नव्हता, त्यानं डावीकडे ओढून होम रन मारला. ६-६.

तेव्हा कॉमेंट्समध्ये लोक काय लिहीत होते मला आठवतंय. घाबरला. चोक झाला. अरे, हात संपलाय त्याचा! आणि तोच चॅपमन नवव्या इनिंगला पुन्हा आला आणि तिघांना परत पाठवून गेला. मग पाऊस, सतरा मिनिटं मॅच थांबली, दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ नं जिंकले. प्रेशर आठव्यात जास्त होतं की नवव्यात? बरोबरीत, शेवटची इनिंग, परक्या मैदानावर, एक रन गेला तर शंभर वर्षांचा शाप पुन्हा चालू. नवव्यातच की. मग तिथे कसं झेपलं?

मी असं म्हणत नाहीये की प्रेशर नावाचं काही नसतंच. असतं. नाडी वाढते, बोटं बॉल घट्ट धरतात, जोर जास्त लागतो. आणि स्लायडरसारखा बॉल जोरानं होत नाही, तो मनगटातून सुटावा लागतो. घट्ट धरला की घसरत नाही. लिजच्या त्या बॉलला असंच झालं असेल का? असेल. पण ज्यांना कुणी कधी डरपोक म्हटलं नाही त्यांचेही स्लायडर मंगळवारच्या बिनमहत्त्वाच्या मॅचमध्ये असेच लटकतात. तेव्हा आपण बघत नसतो, एवढाच फरक.

आमच्या टेनिस बॉलच्या टीममध्ये एक जण होता. नाव सांगत नाही, तो हा पॉडकास्ट ऐकतो. यॉर्कर असा टाकायचा की बूट सांभाळावे लागायचे. एका नाइट टूर्नामेंटच्या सेमीत शेवटच्या ओव्हरला त्याला चौदा डिफेंड करायचे होते, झाले नाहीत. कॅप्टननं त्याच रात्री सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ह्याला लास्ट ओव्हर नाय द्यायची, पोरगा टाइट होतो. त्यानंतर तो जितकी वर्षं खेळला, त्याला एकदाही शेवटची ओव्हर मिळाली नाही. आता तो टाइट होतो की नाही हे कुणाला कळणार? तपासायची संधीच काढून घेतली. पण टीममध्ये सगळ्यांना पक्कं माहीत, तो टाइट होतो. आणि वाईट म्हणजे काही दिवसांनी त्यालाही ते पक्कं माहीत झालं.

तर आता परत लिज.

त्या होम रननंतर टीम विमानानं सेंट लुईसला निघाली. विमानात स्मशानशांतता. आणि पायलटची अनाउन्समेंट झाली, की मंडळी, खिडकीतून बाहेर बघा, पूहोल्सनं मारलेला बॉल अजून जातोय. ही आयडिया टीमचा कॅचर ब्रॅड ऑसमसची! सगळे हसले, लिजपण. दोन दिवसांनी रॉय ऑस्वॉल्टच्या जोरावर ॲस्ट्रोज सहावी मॅच जिंकून वर्ल्ड सिरीजला पोचले. म्हणजे त्या होम रनमुळे टीमचं काही गेलंच नाही. हेही लोक विसरतात.

पण वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या मॅचला लिज आला आणि स्कॉट पॉडसेडनिकनं त्याला होम रन मारून मॅच संपवली. पॉडसेडनिकचे त्या पूर्ण नियमित सीझनमध्ये होम रन किती? शून्य. चौथी मॅचही लिजच्याच खात्यावर गेली, १-०. आता तर शेपटावर शिक्काच बसला. २००६ ला सरासरी ५.२८, आदल्या वर्षीच्या दुपटीपेक्षा जास्त. सगळे म्हणाले, बघा, पूहोल्सनं संपवला ह्याला.

मी ते आकडे उघडून बघितले. २००५ ला ७० इनिंगमध्ये १०३ स्ट्राइकआउट. २००६ ला ७५ इनिंगमध्ये १०४. म्हणजे घाबरलेला, संपलेला माणूस बॅटरना जवळजवळ आधीइतकाच चुकवत होता! रन जास्त गेले, वॉक जास्त गेले, हे खरं. काहीतरी बिघडलं होतं. पण बॉलमधला दम गेला नव्हता.

नोव्हेंबर २००७ मध्ये ह्युस्टननं त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. आणि २००८ ला काय केलं त्यानं? नियमित सीझनमध्ये ४१ सेव्हची संधी, ४१ सेव्ह. प्लेऑफमध्ये सात संधी, सात सेव्ह. ४८ पैकी ४८. शेवटचा वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा. ती मॅच पावसामुळे अर्धवट थांबली होती, दोन दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, पुढे सुरू झाली. ४-३, दोन आउट, बरोबरीचा रनर सेकंड बेसवर. समोर एरिक हिन्स्की. लिजनं काय टाकला? स्लायडर. तोच. ह्या वेळी घसरला. हिन्स्की चुकला, लिज माउंडवरच गुडघ्यावर बसला, कॅचर कार्लोस रुईझ धावत आला. फिलाडेल्फियाला १९८० नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज मिळाली.

इथे सिनेमा संपतो. टायटल्स, म्युझिक. शेपूट गळून पडलं, हिरो झाला.

पण २००९ पण होतं ना. त्याच टीममध्ये, तोच क्लोजर. ० विजय, ८ पराभव. अकरा सेव्ह घालवले. सरासरी ७.२१. कुठल्याही क्लोजरसाठी लाजिरवाणं वर्ष. मग काय, ४८ वेळा न घाबरलेला माणूस हिवाळ्यात घाबरायला शिकला? जूनमध्ये गुडघ्यामुळे तो काही दिवस बाहेर होता, आणि सीझन संपल्यावर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. मला हे काळजापेक्षा जास्त पटतं. बरं, त्याच खराब वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये, प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्यांत, त्यानं एकही रन दिला नाही. मग वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या मॅचला यँकीजविरुद्ध ४-४ असताना दोन आउट काढले, जॉनी डेमननं नऊ बॉल खेळून सिंगल काढली, सेकंड बेस चोरला, तिसऱ्या बेसवर कुणी फील्डर नाही हे बघून तोही पळून घेतला. तिसऱ्यावर रनर असताना स्लायडर जमिनीत टाकणं म्हणजे जुगार, कॅचरकडून निसटला की रन. हत्यारच म्यान झालं. मग एक बॉल टेशेराच्या अंगावर बसला, ॲलेक्स रॉड्रिगेझचा डबल, आणि ७-४.

तर आता तुम्ही सांगा, ह्या माणसाला प्रेशर झेपतं की नाही? २००५ चा लिज धरायचा, २००८ चा, की २००९ चा? त्यातही २००९ च्या ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे धरायचे की शेवटची ती इनिंग?

फिलाडेल्फियाचा मॅनेजर चार्ली मॅन्युएल. पूर्ण २००९ मध्ये शहर त्याच्या मागे लागलं होतं, की ह्याला काढा. मधे थोडे दिवस दुसऱ्यांना टाकायला दिलंही त्यानं. पण ऑक्टोबर आला आणि बॉल परत लिजच्याच हातात दिला. त्यावर लोक अजून भांडतात. मॅनेजरनं चूक केली असं मला वाटत नाही, पण सेमीतल्या त्या मित्रामुळे माझं मत जरा एका बाजूला झुकलेलं असणार, ते तुम्ही धरून चाला.

लिजनं पुढे २०१२ पर्यंत खेळून थांबवलं. आणि मग काय केलं माहितीये? इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातून पुरातत्त्वशास्त्रात मास्टर्स केलं. प्राचीन रोम हा त्याचा विषय. इटलीत उत्खननाला जातो, गुडघ्यावर बसून, छोट्या थापीनं माती बाजूला करत. तिथे कुणी घड्याळ लावत नाही, आणि दोन आउट झालेत असं ओरडतही नाही.

पूहोल्सच्या त्या होम रनची क्लिप बघितलीत की लगेच २००८ चा शेवटचा बॉलही बघा, दोन्ही मिळून पाच मिनिटं होतील. आणि चेतन शर्माची नागपूरची हॅटट्रिक काका-मामांना फॉरवर्ड करा. काय म्हणतात ते मला कळवा. चला, भेटू पुढच्या एपिसोडला.